‘रॉक मशीन’ आणि स्वतःचें गाणें

बीड जिल्ह्यांत मांजरसुंब्याजवळ कपिलधार येथें मन्मथस्वामींची समाधि आहे. कार्तिकी पौर्णिमेस तेथें दिंड्या जमतात व स्वामींचे अभंग गायिले जातात. कर्नाटकांत बहरलेलें वीरशैव मत स्वामींनीं ‘परमरहस्य’ ग्रंथांत मराठी ओवींत सांगितलें, म्हणून तें येथील जनांचें झालें. बाहेरून आलेली वस्तु आपली केव्हां होते, हा प्रश्न मनांत धरूनच आम्ही मुंबईंतील एका अगदीं निराळ्या वृंदाकडे वळतों.

‘रॉक मशीन’ हा वृंद १९८४ सालीं निघाला. त्या काळीं शहरांतील रॉक वाजविणारे तरुण बहुधा विलायती व अमेरिकन गाणीं जशींच्या तशीं वाजवीत. मूळ ध्वनिमुद्रिकेशीं साम्य जितकें अधिक, तितकी वाहवा अधिक. परदेशी वाद्यें जबर जकातीमुळें महाग. अशा स्थितींत स्वतःचें गाणें पुढें करणें म्हणजे हातच्या टाळ्यांवर पाणी सोडणें होतें. या मंडळींनीं तें धाडस केलें. १९८८ सालीं त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा स्वरचित गीतांचा संग्रह निघाला. १९९० सालीं ‘द सेकंड कमिंग’.

त्यांच्या नादाची खूण कोणती? उदय बेनेगल यांचा चढा व स्वच्छ गळा, महेश तिनईकर यांची ठसकेबाज गिटार, आणि तिला भरीव आधार देणारे झुबिन बालापोरिया यांच्या कीबोर्डचे स्वर. गोंगाट पुष्कळ, पण त्याखालीं चाल बुडत नाहीं. घट्ट बांधलेलें ध्रुवपद हेंच त्यांचें खरें बळ होय.

१९९१ सालीं उपग्रहवाहिन्या आल्या आणि त्यांचीं गाणीं एम्‌टीव्हीवर दिसूं लागलीं. १९९३ सालीं वृंदानें सिंधु नदीचें स्मरण देणारें ‘इंडस क्रीड’ हें नांव घेतलें. त्याच नांवाचा संग्रह १९९५ सालीं आला. १९९७ सालीं वृंद मोडला. पुढें बेनेगल व जयेश गांधी यांनीं अमेरिकेंत ‘आम्स फॉर शांति’ या वृंदांत भारतीय व पाश्चात्य संगीताचा मेळ घातला. २०१० सालीं जुनी मंडळी पुनः एकत्र आली व २०१२ सालीं ‘इव्हॉल्व्ह’ निघाला.

इंग्रजींत गाणारांचें स्वत्व कसलें, असा आक्षेप कोणी घेईल. तो सर्वस्वीं खोटा नाहीं. भाषेमुळें त्यांचा श्रोता मुख्यतः शहरांतील महाविद्यालयांतला राहिला. कपिलधारच्या वाटेवरील वारकऱ्यास तीं गाणीं आपलीं वाटण्याचें कारण नव्हतें. परंतु भाषा आपलीशी करण्याच्या आधीं एक पायरी असते, ती नक्कल सोडून रचना करण्याची. ती पायरी हे चढले. पुढें मराठींत रॉक गाणारे निघाले, त्यांस निदान हें सिद्ध करीत बसावें लागलें नाहीं कीं, या वाद्यांवर येथील माणसाचें स्वतःचें गाणें वाजूं शकतें. इतिहासानें त्यांच्या पदरीं एवढें श्रेय घालावें, असें आम्हांस वाटतें.