परदेशी व्यापाराची इंग्रजी आणि आपलें धातुसाधित नाम

व्यापारी इंग्रजी ही एक निराळीच, अवघड विद्या आहे, अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतूनहि आढळते. मुलगा पदवीधर होतो, इंग्रजी कादंबऱ्या वाचतो. परंतु परदेशच्या गिऱ्हाइकास चार ओळी लिहावयाची पाळी आली, कीं त्याची लेखणी अडते. आज सोलापुरांतून टॉवेल परदेशीं जातात. सांगोलें-पंढरपुराकडील डाळिंबें व द्राक्षें जातात. तेव्हां हा प्रश्न केवळ मुंबईच्या पेढ्यांचा राहिलेला नाहीं; तो आमच्या मंगळवेढ्याच्या उंबरठ्याशीं आला आहे. या भाषेची अर्धी किल्ली आपल्याच दप्तरांत पडलेली आहे, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम ही गरज केव्हां उत्पन्न झाली तें पाहूं. मुंबई विद्यापीठ 1857 सालीं स्थापन झालें व 1859 सालीं त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. पुढील वर्षीं आगगाडी सोलापुरास पोंचली. 1861 सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. इंग्रजी लिहितां-बोलतां येणारे पहिले देशी दलाल म्हणून ज्यांची ख्याति आहे, ते प्रेमचंद रायचंद याच काळीं वर आले. आणि 1865 सालीं युद्ध संपतांच आलेल्या मंदींत तेहि पोळले. 1869 सालीं सुएझचा कालवा खुला झाला, 1870 सालीं समुद्रांतील तारेनें मुंबई विलायतेशीं जोडली गेली. ज्या निरोपास पूर्वीं आगबोटीनें महिनाभर लागे, तो आतां कांहीं तासांत पोंचूं लागला. तारेंत शब्दागणिक पैसा. म्हणून प्रत्येक शब्द मोजून, जाणून लिहिणें भाग पडलें.

शिकण्याचीं साधनें मात्र आधींच सिद्ध झालीं होतीं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण 1836 चें, कँडीचा इंग्रजी-मराठी कोश 1847 चा. पुढें तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला घरोघर गेली. मराठी वाक्याचें इंग्रजी व इंग्रजीचें मराठी करीत जाणें, ही तिची रीत. व्यापारी शिक्षणाचें स्वतंत्र महाविद्यालय, सिडनहॅम कॉलेज, मुंबईस निघालें तें 1913 सालीं. तोंवर, आणि नंतरहि पुष्कळ दिवस, कचेरीतील उमेदवार शिके तो नमुन्याचीं पत्रें उतरून काढून. हात वळे, अक्षर सुरेख होई. पण वाक्य असें कां, हें त्यास कोणी सांगत नसे. नमुन्याबाहेरचा प्रसंग आला म्हणजे तो साहेबाच्या तोंडाकडे पाही.

वस्तुतः त्याला पुष्कळ ठाऊक होतें. 'इन्व्हॉइस' म्हणजे आपलें बीजक, 'डिस्काउंट' म्हणजे वटाव, 'बिल ऑफ एक्स्चेंज' म्हणजे हुंडी. पाहतांच पैसे द्यावयाची ती दर्शनी, मुदतीनें द्यावयाची ती मुदती. इंग्रजींतहि हाच भेद आहे. हुंडी हरवली तर पेठ, पेठ हरवली तर परपेठ, ही आपल्या सावकारांची वहिवाट. विलायतेचे व्यापारीहि परदेशी हुंडीच्या दोन-तीन प्रती करून निरनिराळ्या टपालांनीं धाडीत. माल सुखरूप पोंचला तरच पैसे देणें लागे, अशी जोखमी हुंडी आपल्याकडे होती. तींत हुंडी व विमा एकत्र नांदत. जुन्या इंग्रजी पत्रांत 'युवर फेवर' पाहून विद्यार्थी गोंधळतो. 'फेवर' म्हणजे कृपा. आपण 'कृपापत्र पावलें' असें लिहीत असूं, तेंच हें. आणि देवघेव एकतर्फी नव्हती. इंग्रजींतील 'गनी' हा शब्द आपल्या गोणींतूनच निघाला.

आतां व्याकरणाकडे वळूं. परदेशी व्यापाराचे शब्द पाहा : शिपिंग, पॅकिंग, बुकिंग, बँकिंग, क्लिअरिंग. सर्वांच्या शेवटीं 'इंग'. हें इंग्रजींतील 'जेरंड', म्हणजेच आपलें धातुसाधित नाम. क्रियापदाचें नाम करावयाचें तर इंग्रज 'इंग' लावतो, आपण 'णें' किंवा 'णी' लावतों. मागणी, मोजणी, नोंदणी, तपासणी, खतावणी हीं आपल्या पेढीवरचीं जेरंडेंच होत. जहाजी व्यापारांतील मुख्य कागद 'बिल ऑफ लेडिंग'. 'लेडिंग' म्हणजे लादणी. उच्चाराचें साम्य हा योगायोग आहे, परंतु अर्थ व घडण तींच.

घोटाळा होतो तो अशामुळें, कीं पाठविणें, पाठवीत आणि पाठविणारा या आपल्या तीन निरनिराळ्या रूपांना इंग्रजी एकच अंगरखा घालते. यास उपाय सोपा आहे : आधीं मराठी रूप मनांत आणावें. जेथें 'णें'चें सामान्यरूप होऊन त्यास शब्दयोगी अव्यय अगर प्रत्यय लागतो, तेथें बहुधा जेरंड समजावें. पाठविण्यापूर्वीं, 'बिफोर शिपिंग'. पाठविण्याबद्दल, 'फॉर सेंडिंग'. विमा उतरविण्यानें, 'बाय इन्शुअरिंग'. पत्राच्या शेवटीं 'वुई लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू' असें कां, 'टु हिअर' कां नव्हे, हें कोडें पुष्कळांना पडतें. येथील 'टु' म्हणजे आपलें 'कडे' : आपलें उत्तर येण्याकडे आमचे डोळे लागले आहेत. मराठी मनांत धरली, कीं कोडें सुटतें.

हा केवळ शाळामास्तरी काथ्याकूट नव्हे. 'स्टॉप शिपिंग' म्हणजे माल पाठविणें थांबवा. 'स्टॉप टु शिप' म्हणजे माल पाठविण्यासाठीं थांबा. एका तारेनें माल गुदामांत राहतो, दुसरीनें तो जहाजावर चढतो. 'वुई रिमेंबर इन्शुअरिंग द गुड्स' म्हणजे मालाचा विमा उतरविल्याचें आम्हांस स्मरतें. 'रिमेंबर टु इन्शुअर द गुड्स' म्हणजे विमा उतरविण्यास विसरूं नका. पहिल्यांत काम झालेलें आहे, दुसऱ्यांत व्हावयाचें आहे. या दोहोंच्या मध्यें माल बुडाला, तर नुकसान कोणाचें?

कागदाचें महत्त्व पुढें वाढतच गेलें. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळानें 1933 सालीं पतपत्रांचे सर्वमान्य नियम केले, आणि 1936 सालीं विक्रीच्या अटींचीं संक्षिप्त नांवें ठरवून दिलीं. भाडें कोणाचें, विमा कोणाचा, जोखीम कोठें बदलते, हें तीन अक्षरांत उरकतें. हे नियम वेळोवेळीं सुधारले जातात. पतपत्रांचे 2007 पासूनचे, तर विक्री-अटींचे 2020 चे आज चालू आहेत. पतपत्रावर बँक पैसे देते तीं मालाकडे पाहून नव्हे, तर कागद पाहून. डाळिंब कितीहि लालबुंद असो. पतपत्रांतील शर्तींशीं कागद जुळला नाहीं, तर बँक तो नाकारूं शकते.

म्हणून तरुण मित्रांस माझें सांगणें एवढेंच : नमुन्याचीं पत्रें खुशाल पाठ करा, परंतु पाठांतरावर थांबूं नका. घरांत जुनी खतावणी असेल तर ती एकदां उघडा. तींतील शब्द एका बाजूस लिहा, समोर त्यांचे इंग्रजी शब्द मांडा, आणि प्रत्येक 'णें'चें 'इंग' करून पाहा. नकलनविसाचें काम आज यंत्र करितें. कोणत्या वाक्यानें आपण बांधले जातों, हें ज्यास कळतें, त्यानेंच पत्राखालीं सही करावी. आणि तें कळण्यासाठीं मायबोली बाजूस ठेवावी लागत नाहीं. ती हाताशीं घ्यावी लागते.