शब्दसंस्करण (संगणकीय)

संगणकाच्या पडद्यावर मजकूर लिहिणे, सुधारणे, जतन करणे व छापणे या व्यवहाराची संज्ञा. कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी (जिल्हा हिंगोली, 1999 पर्यंत परभणी) हे कसब नवशिक्यास बहुधा कचेरीतील अर्जाच्या, अथवा प्रतिमिनिट 30 वा 40 शब्दांच्या मराठी टंकलेखन परीक्षेच्या निमित्ताने हस्तगत करावे लागते.

पडद्यावर लुकलुकणारी उभी रेघ, म्हणजे कर्सर, जेथे असेल तेथेच अक्षर उमटते. ओळ भरताच पुढील शब्द आपोआप खाली उतरत असल्याने एंटर केवळ परिच्छेदाच्या अंती दाबावयाचे असते, आणि टंकयंत्रावर हात बसलेल्यांना नेमके हेच जड जाते. मजकूर प्रथम निवडून मग कंट्रोल कळ धरून सी दाबल्यास नक्कल, एक्सने कर्तन, व्हीने चिकटवणे साधते. झेडने शेवटची कृती रद्द होते, पीने छपाईचा हुकूम सुटतो. एसने मजकूर जतन होतो; विजेचा भरवसा नसेल तेथे ही कळ वारंवार दाबणे हेच शहाणपण. कर्तन-चिकटवण्याची रीत अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात लॅरी टेस्लर प्रभृतींनी 1970 नंतरच्या दशकात सिद्ध केली.

देवनागरीसाठी इन्स्क्रिप्ट कळपाट उच्चारानुसारी आहे: ‘कळमनुरी’ लिहिण्यास के, शिफ्टसह एन, सी, व्ही, जी, जे, आर या कळा क्रमाने दाबाव्यात, जोडाक्षरासाठी डी ही हलन्ताची कळ. ऱ्हस्व वेलांटीही येथे व्यंजनानंतरच येते. टंकयंत्रावर ती आधी येई.