न्हाणीघरातली भिंत

गेल्या वर्षी आम्ही आमच्या पुण्यातील घराचे न्हाणीघर नव्याने बांधावयास घेतले. सोसायटी १९७४ सालची. सहा फूट बाय चार फुटांची न्हाणी, कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या चौकोनी टाइल, खाली मोझेकची फरशी, आणि शेजारी स्वतंत्र दार असलेला संडास. दोहोंच्या मध्ये चार इंची विटांची एक भिंत. आमच्या इंटिरिअरवाल्याने टेप लावून मोजमाप घेतले आणि पहिलेच वाक्य उच्चारले, "ही भिंत काढली की स्पासारखा फील येईल." हे ऐकताच ऐंशी ओलांडलेल्या आमच्या मातोश्री आतल्या खोलीतून म्हणाल्या, "अरे, संडासात का कोणी आंघोळ करतं?"

भिंत पाडण्याचा दिवस त्यामुळे तीन आठवडे पुढे गेला. त्या तीन आठवड्यांत आमच्या मनात आले की, ही भिंत मुळात कोणी आणि कशासाठी बांधली याचा एकदा शोध घ्यावा. (मोहेंजोदडोच्या भाजक्या विटांच्या न्हाण्यांपासून सुरुवात करण्याचा मोह आम्ही आवरला आहे.)

प्रथम त्या 'स्पा' या शब्दाचा निकाल लावू. स्पा हे बेल्जियममधील एका गावाचे नाव. तेथील लोहयुक्त पाण्याचे झरे प्रसिद्ध होते. रशियाचा पीटर द ग्रेट १७१७ साली तेथे जाऊन राहिला होता. पुढे कोणत्याही आरोग्यदायी झऱ्याच्या गावास हे नाव लागले. लॅटिनमधील तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून तो बनला, ही माहितीपत्रकांतून हटकून आढळणारी व्युत्पत्ती मागाहून रचलेली आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, अशा गावी लोक एकांतासाठी जात नसत. तेथे चारचौघांत मिसळणे, फिरणे, जुगार खेळणे, सोयरिकी जमवणे हाच निम्मा उपचार होता. आपल्याकडील उन्हाळी, म्हणजे उष्ण पाण्याचे झरेही असेच गजबजलेले. वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीच्या कुंडांवर एकटेपणाच्या अपेक्षेने कोणी गेल्यास त्याची निराशाच व्हावयाची. तेव्हा बंद दाराआडचा, एकट्याचा 'स्पा' ही कल्पना त्या नावाला तशी परकीच आहे.

मातोश्रींचे सासर सदाशिव पेठेतील वाड्यात. वाड्याचे न्हाणीघर मागच्या चौकात, हौदाच्या आडोशाला. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजहून दगडी नळाने पाणी पुण्यात आणले आणि ते जागोजागच्या हौदांत खेळवले, हे सर्वश्रुत आहे. परंतु पाणी हौदापर्यंत आले म्हणजे अंगावर आले असे नव्हे. हौदातून काढावयाचे, तांब्याच्या बंबात भरावयाचे, बंब पेटवावयाचा, घंगाळात कढत पाणी घेऊन त्यात विसण घालावयाचे, हे सारे कोणीतरी करीत असे, आणि ते कोणीतरी बहुधा घरातील सुना असत. स्नान करणाऱ्या पुरुषास 'पाणी काढलंय' एवढेच कानी पडे. सांडपाणी परसातल्या अळूला आणि केळींना जाई. त्या व्यवस्थेत स्नान हे दिवसाचे एक कर्म होते. ते आटोपावयाचे, रेंगाळावयाचे नव्हे. पारोसे राहणे वाईट, पण न्हाणीत बसून राहणे त्याहून वाईट. रांगेत माणसे उभी असत. न्हाऊमाखू घालण्याचा सोहळा दिवाळीच्या पहाटे, नाहीतर बाळंतिणीच्या वाट्याला.

संडास मात्र परसाच्या अगदी टोकाला. खाली टोपली, मागे अरुंद बोळ. त्या बोळातून, घराच्या कोणत्याही दाराला स्पर्श न करता, टोपली रिकामी करणारी माणसे येत आणि जात. न्हाणी आणि संडास यांच्यामधील अंतर हे केवळ दुर्गंधीमुळे ठेवलेले अंतर नव्हते. वाड्याच्या एका टोकाला सोवळे होते आणि दुसऱ्या टोकाला अस्पृश्य ठरवलेला माणूस. मधले अंगण हीच खरी भिंत. पाण्याच्या बाबतीतही तेच. ज्योतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो याच पुण्यात. ज्या शहरात एका घरच्या हौदावर सर्वांना पाणी भरू देणे ही इतिहासात नोंदवण्याजोगी घटना ठरते, तेथे न्हाणीघराचा इतिहास नुसत्या घंगाळाचा आणि उटण्याचा करून कसा चालेल?

शयनगृहाला जोडलेले न्हाणीघर, म्हणजे आजचे 'अटॅच्ड', आपल्याकडे नळांच्या आधी आले, हे वाचकांस कदाचित चमत्कारिक वाटेल. ते आले इंग्रजांच्या बंगल्यांतून. प्रत्येक निजण्याच्या खोलीला लागून एक गुसलखाना, त्यात पत्र्याचे टब आणि लाकडी पेटीचा कमोड. या खोलीला दोन दारे असत. एक आतले, साहेबासाठी. दुसरे बाहेरचे, त्यातून भिश्ती पाणी आणी आणि मेहतर घाण नेई. नळ आणि गटार दोन्ही तेथे होते. फक्त ती माणसे होती. साहेबाने आतल्या दाराला कडी लावली तरी बाहेरचे दार उघडेच राही.

ते बाहेरचे दार बुजवले पाइपने. मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० साली मिळू लागले, तानसाचे १८९२ साली. भुयारी गटारे मागाहून आणि अपुरी आली. १८९६च्या प्लेगनंतर घरबांधणीत हवा, उजेड आणि निचरा यांचा विचार सुरू झाला, परंतु कामकऱ्यांच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांची एकेक खोली आणि मजल्यावर सामाईक संडास. खोलीच्या कोपऱ्यात मोरी. मातोश्रींचे माहेर गिरगावातल्या चाळीत, तेथेही हेच. हाताएवढ्या कठड्याने आखलेला तो चौकोन. त्यात भांडी घासायची, तांदूळ धुवायचे, आणि दोरीवर लुगडे टाकून आडोसा केला की तेच न्हाणीघर. आजी आंघोळ करी तेव्हा आजोबा आणि मामा गॅलरीत जाऊन उभे राहत. "आईला कधी पाच मिनिटं सलग मिळाली नाहीत," असे मातोश्री म्हणतात. आम्ही आजवर हे वाक्य आंघोळीबद्दलचे समजत होतो.

१९३०च्या दशकात दादर-माटुंग्याच्या बाजूस 'सेल्फ-कन्टेन्ड' फ्लॅट उभे राहू लागले, त्यांतील नवलाई हीच की संडास घराच्या आत आला. निखिल राव यांनी 'हाउस, बट नो गार्डन' या २०१३ सालच्या ग्रंथात मुंबईच्या उपनगरांतील फ्लॅटचा इतिहास लिहिला आहे, त्यात या आतल्या संडासाला त्यांनी योग्य ते महत्त्व दिले आहे. परसाच्या टोकाची वस्तू स्वयंपाकघरापासून चार पावलांवर येणे ही सनातनी घरांना पेलणारी गोष्ट नव्हती. ती पेलली ती फ्लशमुळे. नळीच्या वाकणात अडून राहणारे ते वितभर पाणी (हा वाक १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने पेटंट केला) दुर्गंधी अडवी. आणि साखळी ओढली की घाण नेणारा माणूस घरापासून दिसेनासा होई. संडास शुद्ध झाला, कारण तो माणूस दृष्टीआड झाला. तो मुळीच नाहीसा झाला असे मात्र नाही. मैला वाहण्याच्या कामावर कायद्याने बंदी १९९३ साली आली आणि २०१३ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला, यावरून काय ते समजावे. गटारात उतरून माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण अजूनही वाचतो.

अप्पासाहेब पटवर्धनांचे या संदर्भात स्मरण होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात, मला भंगीकाम करू द्या, यासाठी उपवास करणारा हा गृहस्थ पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात संडासाची रचनाच बदलण्याच्या खटपटीत पडला. प्रश्न भिंतीच्या अलीकडचा नसून पलीकडचा आहे, हे ज्यांना दिसले त्यांतले ते एक. आमच्या इंटिरिअरवाल्याच्या कॅटलॉगात त्यांचे नाव असण्याचे कारण नाही. असो.

तर आमची चार इंची भिंत. १९७४ साली फ्लश होता, ड्रेनेज होते, तरीही आराखडा काढणाऱ्याने दोन दारे आणि मध्ये भिंत ठेवली. त्याला व्यावहारिक कारण होते. सकाळी सात माणसांच्या घरात एकाच वेळी दोघांची सोय होई. पण मातोश्रींच्या आक्षेपात निव्वळ सोय नव्हती, आणि निव्वळ सोवळेही नव्हते, असे आता आम्हांस वाटते. वाड्याचे परस त्या चार इंचांत येऊन बसले होते.

भिंत अखेर पाडली. दीड दिवस लागला. घरात माणसे दोनच उरल्याने दुसऱ्या दाराची गरज राहिली नव्हती. मग गंमत अशी झाली की, ओले आणि कोरडे वेगळे राहावे म्हणून त्याच रेषेवर, जवळजवळ त्याच जागी, काचेचे पार्टिशन बसवावे लागले. त्याची किंमत विटांच्या भिंतीच्या कितीतरी पट. मातोश्रींनी ते पाहून "काच का होईना" एवढेच म्हटले. छतातून पावसासारखा शॉवर पडतो, पण त्या तो वापरत नाहीत. त्याच्या खाली पाट ठेवून, बादलीत विसण घालून, तांब्याने अंगावर पाणी घेतात.

त्यांचा एकच आग्रह होता: दाराला आतून कडी हवी. आमच्या डॉक्टरांनी नेमके उलटे बजावले होते. या वयात पाय घसरला तर दार बाहेरून उघडता आले पाहिजे. मातोश्री ऐकेनात. शेवटी कारागिराने एक कुलूप आणले, जे आतून कडीसारखे लागते आणि बाहेरून खाचेत नाणे घालून फिरवले की उघडते. ते बसवले. ती खाच कशासाठी आहे, हे आम्ही मातोश्रींना सांगितलेले नाही. सकाळी त्या आत जातात, कडीचा आवाज येतो, आणि पाऊण तास बाहेर येत नाहीत. आम्ही बाहेर पेपर वाचत बसतो. दोन रुपयांचे नाणे खिशात असते.