इष्टलिंग उपासना : नांदेड-लातूर परिसर

शरीरावर धारण केलेले शिवलिंग तळहातावर घेऊन त्यावर दृष्टी आणि चित्त स्थिर करण्याची वीरशैव-लिंगायत साधना. तिलाच शिवयोग असेही म्हणतात. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत ती आजही घरोघरी चालते. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांच्याभोवती शरणांचा, म्हणजे शिवभक्त संतांचा, मेळा ज्या कल्याण नगरीत जमला, ते आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण निलंग्यापासून जवळच आहे. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तर 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यातच होते.

साधक स्नान करून कपाळी विभूती लावतो. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून किंवा वस्त्रातून लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवतो, पाणी घालतो, बेलपत्र वाहतो. इथवर ही पूजा इतर पूजांसारखीच वाटते. खरी साधना यानंतर सुरू होते. लिंगाच्या काळ्या, गुळगुळीत पृष्ठभागावर दिव्याचा उजेड पडून एक तेजस्वी ठिपका दिसतो. त्यावर नजर रोखायची, मनात ‘ॐ नमः शिवाय’ या षडक्षर मंत्राचा जप चालू ठेवायचा, आणि डोळे मिटल्यावरही तो ठिपका आत टिकवायचा. हातातले ते इष्टलिंग, प्राणात जाणवणारे ते प्राणलिंग आणि भावात विरलेले ते भावलिंग. हा आत जाणारा प्रवास शरणांनी भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य या सहा स्थलांत, म्हणजे टप्प्यांत, मांडला.

एकदा गुरूकडून दीक्षा मिळाली की या उपासनेला देऊळ लागत नाही, रोजच्या पूजेला पुरोहितही लागत नाही. स्त्रियाही लिंग धारण करतात, आणि लिंगधारकाला सुतक वा विटाळ बाधत नाही असे शरणांचे तत्त्व आहे. देव असा अंगावरच असेल तर त्याच्यापासून कुणाला दूर उभे करणार? आठशे वर्षांपूर्वी या विचाराने केवढी खळबळ माजवली असेल, हे उरिलिंगपेद्दींच्या कथेवरून कळते.

ही कथा नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची आहे. राष्ट्रकूटांच्या काळापासून नावाजलेल्या या गावी उरिलिंगदेव या शरणांचा मठ होता. पेद्दी हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला, आंध्रातून आलेला माणूस. परंपरा सांगते की चोरीसाठी तो एका घरात शिरला, तिथे चाललेला दीक्षाविधी लपून पाहिला आणि चोरी विसरला. पुढे तो दीक्षेसाठी गुरू उरिलिंगदेवांच्या मागे लागला. गुरू दीक्षा देईनात. शेवटी त्यांनी वैतागून एक दगड भिरकावला. पेद्दीने तो लिंग म्हणून उचलला, बांधला आणि त्याच्या पूजेत बुडून गेला. ती निष्ठा पाहून गुरूंनी त्याला जवळ केले, आणि पुढे मठाची गादीही त्याच्याकडेच आली. उरिलिंगपेद्दी या नावाने त्यांची कन्नड वचने आज उपलब्ध आहेत. पत्नी काळव्वे यांचीही वचने आहेत. इष्टलिंग साधनेचे मर्म इतक्या थेटपणे सांगणारी दुसरी कथा मराठवाड्याच्या मातीत क्वचितच सापडेल. दगड साधा होता. त्याच्यावर एकवटलेले मन साधे नव्हते.

मराठीत ही साधना रुजवली ती वीरशैव संतकवी मन्मथस्वामींनी. त्यांचा ‘परमरहस्य’ हा ओवीबद्ध ग्रंथ लातूर-नांदेडच्या खेड्यांत शिवनाम सप्ताहात पारायणाला बसतो. बीड जिल्ह्यातल्या कपिलधार येथे स्वामींची समाधी असून कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला दोन्ही जिल्ह्यांतून दिंड्या पायी जातात. पारायण, कीर्तन, दिंडी ही वारकऱ्यांच्या ओळखीची रूपे या संप्रदायाने आपलीशी केली, आणि मराठवाड्यातला लिंगायत भक्तिमार्ग त्यामुळे कर्नाटकातल्याहून वेगळा दिसतो. एकट्याने तळहाताकडे पाहण्याची साधना इथे सामुदायिकही झाली आहे: सप्ताहाच्या मांडवात रांगेने बसून शेकडो स्त्री-पुरुष एकाच वेळी इष्टलिंग महापूजा करतात.

अहमदपूरचे डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज हे या परंपरेचे अलीकडच्या काळातले सर्वांत परिचित नाव. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या या महाराजांनी मराठवाड्यात गावोगावी प्रवचने केली. 1 सप्टेंबर 2020 रोजी, वयाची शंभरी ओलांडल्यानंतर, त्यांचे निधन झाले.