अग्निशमन केंद्राचे रुंद दार

अग्निशमन केंद्र लांबूनही ओळखू येते ते त्याच्या दारांमुळे. तीन-चार बंब एका रांगेत उभे राहावेत आणि वर्दी येताच एकमेकांना न अडवता बाहेर पडावेत, म्हणून तळमजल्याची दर्शनी बाजू जवळजवळ भिंतीविनाच ठेवतात. वरच्या मजल्यावर जवानांच्या राहण्याची सोय आणि कचेरी. बंब घोडे ओढत होते त्या काळापासून ही मांडणी फारशी बदललेली नाही, आणि रोजच्या आगीसाठी ती चोख आहे. पण लातूर-नांदेडकडे केंद्राचा आराखडा तपासताना पहिला प्रश्न आगीचा नव्हे, भूकंपाचा विचारायला हवा. तो का, हे किल्लारीच्या इतिहासातून कळते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीसह औसा-उमरगा भागात सुमारे ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, विसर्जन आटोपून गाव झोपले होते. माणसे मेली ती घरातच, आणि त्या घराची रचना नीट पाहण्यासारखी आहे. दोन फुटांपासून चार-पाच फुटांपर्यंत जाड दगडी भिंत. पण ती एकसंध नव्हती. आतला आणि बाहेरचा असे दोन थर, मधे दगडगोटे आणि माती, दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड क्वचितच. वर लाकडी फळ्यांवर उन्हापासून बचावासाठी वर्षानुवर्षे चढवलेले मातीचे माळवद. धक्क्याने भिंतीचे थर सुटले आणि माळवद खाली आले. जिथे छताचा भार भक्कम लाकडी खांब-तुळयांवर होता, तिथे भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे अनेक गावांत सापडली. म्हणजे घात केला तो न बांधलेल्या सांध्यांनी आणि डोक्यावरच्या वजनाने. लोकांच्या मनात मात्र दगड वाईट, सिमेंट चांगले, एवढेच ठसले. दुःख ताजे असताना ते स्वाभाविकच होते.

हा समज किती अपुरा आहे, ते २००१ च्या भूज भूकंपात दिसले. केंद्रबिंदूपासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत, गाड्यांसाठी तळमजला मोकळा सोडलेल्या काँक्रीटच्या अनेक इमारती कोसळल्या. वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठपणा, खाली नुसते खांब. सगळी हालचाल त्या एका मजल्यात एकवटली. अग्निशमन केंद्राची नेहमीची मांडणी नेमकी हीच आहे. शिवाय इमारत न कोसळताही केंद्र निकामी होऊ शकते: दारावरची चौकट थोडी तिरकी झाली तरी शटर अडकते आणि धडधाकट बंब आत कोंडला जातो. सॅन फ्रान्सिस्कोत १९०६ च्या भूकंपात शेजारच्या हॉटेलचे धुराडे अग्निशमन केंद्रावर कोसळले आणि दलप्रमुख डेनिस सुलिव्हन प्राणाला मुकले. शहर पुढे तीन दिवस जळत होते. म्हणूनच आपली भूकंप-संहिता अग्निशमन केंद्रांना साध्या घराच्या दीडपट बलासाठी तपासायला सांगते.

यावर आक्षेप येतो की असा भूकंप शतकात एखादा. आग तर दर आठवड्याला लागते. पण दख्खनचे पठार स्थिर आहे हा भरवसा १९६७ मध्ये कोयनेच्या भूकंपाने मोडला होता. त्यानंतर भूकंप-धोक्याचा नकाशा सुधारला, तरी किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्येच राहिली. १९९२ मध्ये तिथे धक्के जाणवत होते, तरीही. तो झोन रद्द करून किल्लारीचा पट्टा तिसऱ्यात घातला गेला २००२ मध्ये. त्या नकाशात नांदेड दुसऱ्यात होते. पण मार्च २०२४ मध्ये हिंगोली भागातल्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने नांदेडही हादरले. नकाशा भूकंपामागून येतो, त्यामुळे केवळ झोनच्या आकड्यावर विसंबणे मला पटत नाही.

खर्चाचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण महापालिकांची तिजोरी आपल्याला माहीत आहे. तरी आराखड्याच्या टप्प्यावर खांब रुंद करणे, मागच्या आणि बाजूच्या भिंती काँक्रीटच्या घेणे, खांबांतल्या रिंगा जवळजवळ बांधणे आणि बंबांचा हॉल एकमजली ठेवून राहण्याची इमारत फट सोडून वेगळी काढणे, हे नंतरच्या डागडुजीपेक्षा नक्कीच स्वस्त पडते. पाण्याचेही तसेच. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला केंद्रात स्वतःचा मोठा साठा हवाच. पण तो गच्चीवर चढवला तर माळवदाचेच ओझे पुन्हा डोक्यावर येते. तो जमिनीखाली घ्यावा आणि वीज गेली तरी चालेल असा डिझेल पंप त्यावर बसवावा.