हैदराबाद संस्थानातील विस्थापन (१९४७-१९४९) : मराठवाड्याच्या इतिहासलेखनातील एक उपेक्षित पैलू

प्रस्तावना

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात असलेले अंतरवाली सराटी हे गाव २९ ऑगस्ट २०२३ रोजी तेथे सुरू झालेल्या मनोज जरांगे पाटील यांच्या उपोषणामुळे आणि १ सप्टेंबर रोजी झालेल्या लाठीमारामुळे महाराष्ट्रभर परिचित झाले. मराठा आरक्षणाच्या या आंदोलनातून निजामकालीन नोंदींचा प्रश्न ऐरणीवर आला. न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार स्वीकारला आणि शेतजमिनीच्या मालकीचा पुरावा नसलेल्यांना, आपले पूर्वज १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी स्थानिक क्षेत्रात राहत असल्याचे प्रतिज्ञापत्र देण्याची मुभा दिली.

या घडामोडींनी इतिहासाच्या अभ्यासकांपुढे एक मूलभूत प्रश्न उभा केला आहे. नोंद सापडते ती प्रामुख्याने गावात राहिलेल्याची. ज्यांना गाव सोडावे लागले, त्यांचा इतिहास कोणत्या साधनांच्या आधारे लिहावयाचा? प्रस्तुत लेखात हैदराबाद संस्थानच्या अखेरच्या पर्वातील विस्थापनाचा या दृष्टीने परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता आणि १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात मोडत होता. १९४१ च्या जनगणनेनुसार संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. औरंगाबाद जिल्ह्याच्या एका बाजूस वऱ्हाडातील बुलढाणा, तर दुसऱ्या बाजूस मुंबई प्रांतातील अहमदनगर व नाशिक हे जिल्हे होते. सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने ही सरहद्द म्हणजे करोडगिरीचा नाका एवढीच होती. सोयरिकी, बाजार आणि यात्रा या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना चालत असत.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर या सरहद्दीचे स्वरूप पालटले. निजामाने भारतात विलीन होण्यास नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ च्या 'जैसे थे' कराराने अंतिम निर्णय केवळ पुढे ढकलला गेला. कालपर्यंत शेजारचा जिल्हा असलेला प्रदेश आता दुसऱ्या सत्तेचा प्रदेश ठरला. माणसे जागची हलण्यापूर्वीच सरहद्दीचा अर्थ बदलला होता, हे या विस्थापनाचे वैशिष्ट्य होय.

विस्थापनाचे तीन प्रवाह

पहिला प्रवाह संस्थानातून भारतीय संघराज्याकडे वाहिला. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्यावरील दडपशाही आणि कासिम रझवीच्या नेतृत्वाखालील रझाकारांचे अत्याचार यांमुळे अनेक कुटुंबांनी गावे सोडली. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा येथे झालेल्या हत्याकांडासारख्या घटनांनी भीती अधिकच वाढविली. स्वामी रामानंद तीर्थ कारागृहात असताना दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने सरहद्दीवरून लढा चालविला. गोविंदभाई श्रॉफ हे त्या समितीतील एक प्रमुख नेते होते. मनमाड, उमरखेड, बार्शी, गदग आदी ठिकाणी सरहद्दीवरील केंद्रे उभी राहिली. मनमाड हे जालना व औरंगाबादशी लोहमार्गाने जोडलेले असल्याने या भागासाठी त्याचे महत्त्व विशेष होते.

दुसरा प्रवाह नेमका विरुद्ध दिशेने होता. फाळणीच्या काळात मध्य प्रांत, वऱ्हाड व इतर प्रदेशांतील असुरक्षित वाटणारी मुस्लिम कुटुंबे हैदराबादच्या आश्रयास आली. एकच सरहद्द दोन समाजांनी एकाच काळात, परस्परविरुद्ध दिशांनी आणि एकाच कारणाने, म्हणजे जिवाच्या भीतीने, ओलांडली. सप्टेंबर १९४८ नंतर या आश्रितांना आलेल्या वाटेने परत पाठविण्याची पाळी आली.

तिसरा प्रवाह संस्थानच्या अंतर्गत होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली. १५ सप्टेंबरला जालना भारतीय सैन्याच्या ताब्यात आले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर अनेक ठिकाणी सूडाचा उद्रेक झाला आणि त्याची झळ रझाकारांशी काहीही संबंध नसलेल्या मुस्लिमांनाही बसली. खेड्यांतील कुटुंबे शहरांकडे धावली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानचा दौरा केला. या काळातील मृतांची संख्या तिने २७ ते ४० हजार अशी अंदाजिली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक पीडित जिल्हे ठरले. त्यानंतरच्या चार जिल्ह्यांत औरंगाबादचा समावेश होता. हिंदू विणकरांनी प्राण धोक्यात घालून मुस्लिम विणकरांचे रक्षण केल्याचेही याच अहवालात नमूद आहे. एका मागावर बसणाऱ्यांचे नाते त्या दिवसांतही पुष्कळ ठिकाणी तुटले नाही. शासनाने हा अहवाल दीर्घकाळ प्रसिद्ध केला नाही.

'निर्वासित' या संज्ञेची मर्यादा

१९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासितविषयक करारानुसार स्वदेशाबाहेर असणे ही निर्वासित ठरण्याची प्रमुख अट आहे. या व्याख्येत उपरोक्त तिन्ही प्रवाह नीट बसत नाहीत. मनमाडला पोहोचलेला शेतकरी आपण परदेशी आलो असे मानत नव्हता, उलट आपण आपल्याच देशात आलो अशी त्याची भावना होती. खेडे सोडून शहरात आलेल्या मुस्लिम कुटुंबाने तर कोणतीही सरहद्द ओलांडली नव्हती. पंजाब व सिंधमधील निर्वासितांसाठी कुरुक्षेत्र, कल्याण येथे मोठ्या छावण्या उभ्या राहिल्या आणि पुनर्वसनाची शासकीय यंत्रणाही निर्माण झाली. फाळणीच्या इतिहासात त्यांना ठळक स्थान आहे. मराठवाड्यातील विस्थापित मात्र व्याख्येच्या फटीत राहिले.

इतिहासलेखन आणि नोंदी

मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात सरहद्दीवरील केंद्रांचे वर्णन मुख्यतः सशस्त्र लढ्याच्या अंगाने येते. करोडगिरी नाक्यांवरील हल्ले आणि ३० जानेवारी १९४८ रोजी उमरी येथील बँकेवर घातलेला छापा यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु परमुलखात दिवस काढणाऱ्या स्त्रिया, शाळा सुटलेली मुले आणि पेरणीविना राहिलेली शेते यांना त्यात क्वचितच स्थान मिळते. तिसऱ्या प्रवाहाबाबत तर मौनच अधिक आढळते.

महसुली दप्तराची मर्यादाही येथे लक्षात घ्यावी लागते. १९४९ मध्ये जहागिरी संपुष्टात आल्या, १९५० मध्ये हैदराबाद कूळ कायदा आला आणि १९५४-५५ च्या सुमारास खासरा पाहणी झाली. पाहणीच्या वेळी जमीन ज्याच्या ताब्यात, त्याचे नाव पत्रकात येणे स्वाभाविक होते. सहा-सात वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला आणि न परतलेला माणूस अशा कागदात दिसणार नाही. आज पूर्वजांचा शोध घेताना जे कागद निर्णायक ठरतात, ते या उलथापालथीनंतरचे असतील तर त्यांतील रिकाम्या जागाही वाचाव्या लागतील.

समारोप

मराठवाड्यातील १९४७-४९ चे विस्थापन एका समाजाचे किंवा एका दिशेचे नव्हते. पहिल्या प्रवाहातील दुःखाचा उल्लेख केल्याने तिसऱ्याचे दुःख नाकारले जात नाही आणि तिसऱ्याची नोंद घेतल्याने मुक्तिसंग्रामाचे तेज उणावत नाही. दरवर्षी १७ सप्टेंबरला साजरा होणारा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन या दोन्ही स्मृतींना सामावून घेण्याइतका समर्थ आहे.

१९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. जुन्या नोंदींसाठी दप्तरे उघडली जात असताना अंबड, जालना परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी गावोगावच्या वृद्धांच्या मौखिक साक्षी नोंदविणे निकडीचे आहे. गाव कोणी सोडले, कोण परतले आणि कोण परतले नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही गॅझेटिअरमध्ये मिळणार नाहीत. ती ज्यांच्या स्मरणात आहेत, ती माणसे आता थोडीच उरली आहेत.