‘डोया’ म्हणणारं पोर आणि स्पीच थेरपीची डिग्री

या वीकेंडचा विषय जरा आडवाटेचा आहे. स्पीच थेरपिस्ट ‘तयार झाला’ असं नक्की कधी म्हणायचं? आपल्याकडे डिग्री हातात पडली की माणूस तयार. पण या पेशात हा प्रश्न गेली शंभर वर्षं चालू आहे आणि त्याचं उत्तर अजून पुरतं सापडलेलं नाही.

सुरुवात अमेरिकेत झाली. आयोवा विद्यापीठात ली एडवर्ड ट्रॅव्हिस यांनी १९२४ साली या विषयात डॉक्टरेट मिळवली. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, या लोकांची संघटना उभी राहिली. तिथे आज मास्टर्स करणाऱ्याला ४०० तास क्लिनिकमध्ये काढावे लागतात. त्यातले २५ नुसते बघण्याचे, बाकीचे ३७५ प्रत्यक्ष पेशंटसोबत. शिवाय किती विद्यार्थ्यांनी कोर्स वेळेत पूर्ण केला आणि किती जण राष्ट्रीय परीक्षा पास झाले, हे विद्यापीठाला जाहीर करावं लागतं. थोडक्यात, सगळं मोजलं जातं.

आपल्याकडे ही विद्या साठच्या दशकात आली. म्हैसूरला १९६५ साली ‘लोगोपेडिक्स’ असं भारदस्त नाव घेऊन एक संस्था सुरू झाली. तीच आजची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था. १९६६ मध्ये मुंबईत नायर हॉस्पिटलने पदवीचा कोर्स सुरू केला. नायर म्हणजे महापालिकेचं हॉस्पिटल, हे महत्त्वाचं! तिथल्या रांगेत मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, सगळ्या बोलणारी माणसं उभी असतात. तिथे शिकणाऱ्या पोरांना ‘एकच भाषा’ ही चैन परवडणारी नव्हतीच.

पुढे १९८३ साली वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आली (हे महाराष्ट्राचे माजी राज्यपाल). १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. अभ्यासक्रम ठरले, रजिस्टर आलं. बारावीनंतर चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, आणि त्यावर दोन वर्षांचं मास्टर्स. नोंदणी नसेल तर प्रॅक्टिस नाही. कागदावर तरी सिस्टिम पक्की झाली.

आता या सिस्टिमला एक टेस्ट केस देऊन बघू. नंदुरबार जिल्ह्यातलं लोणखेडा. शहाद्याला खेटून असलेलं गाव, मागे सातपुडा. या भागात शाळेत मराठी, पण घरी कुणी अहिराणी बोलतं, कुणी गुजरी, कुणी भिलोरी, कुणी पावरी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साधारण साडेसोळा लाख होती आणि त्यात जवळपास ६९ टक्के आदिवासी. म्हणजे ‘पुस्तकी मराठी हीच घरची भाषा’ असणारी मुलं इथे नियम नाहीत, अपवाद आहेत.

अशा गावातलं अहिराणी बोलणारं पोर ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतं. प्रमाण मराठीची टेस्ट घेऊन बसलात तर हा चक्क ‘दोष’ ठरतो: ‘ळ’च्या जागी ‘य’. पुस्तकात या प्रकाराला प्रतिस्थापन म्हणतात. पण त्याची आजीही ‘डोया’च म्हणते, अख्खा खान्देश म्हणतो! हा आजार नाही, ही बोली आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर फॉल्स पॉझिटिव्ह.

याच्या उलटं जास्त भयंकर. एखादं मूल वर्गात गप्प बसतं. सगळ्यांना वाटतं, घरी पावरी बोलतात ना, मराठी येत नसेल, येईल हळूहळू. आणि खरं कारण असतं की त्याला ऐकूच येत नाही. या चुकीला मुदत आहे. केंद्राच्या एडिप योजनेच्या २०१४ च्या नियमांत जन्मतः बहिऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांटसाठी सहा लाखांपर्यंत मदत ठरवली होती, पण वय पाच वर्षांच्या आत हवं होतं. सरकारने केलेला हा नुसता कागदी नियम नाही. भाषा शिकण्याचा मेंदूचा सुपीक काळ त्याच वयात असतो. ‘येईल हळूहळू’ म्हणत बसलात की तो काळ गेलाच म्हणून समजा.

गंमत म्हणजे माहिती नव्हती असंही नाही. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात भिल्ली आणि खान्देशी बोलींचा अख्खा खंड १९०७ सालीच छापला गेला. म्हणजे स्पीच थेरपी नावाचा कोर्स जगात रुजण्याच्या आधी! २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी आली, आणि जिल्ह्याच्या केंद्रात स्पीच थेरपिस्टचं पदही आलं. खुर्ची मांडली गेली, हे चांगलंच झालं. प्रश्न त्या खुर्चीत बसणाऱ्याच्या कानांचा आहे.

म्हणून मला वाटतं, डिग्रीचं यश मोजताना पास झालेल्यांचा आकडा पुरेसा नाही. तास मोजा, परीक्षा घ्या, जरूर घ्या. पण फायनलला एक प्रश्न हवाच: समोरचं पोर ‘डोया’ म्हणालं, तर तुम्ही काय लिहाल? आणि तो पेपर काढायला लोणखेड्याकडची एखादी आजी बोलवा. मार्क तीच देईल.